वाचकांचे प्रश्न: नौदलाची जेट विमानं, लहान मापात

प्लास्टिकच्या किटमधून विमानांची मॉडेल बनवणाऱ्या वाचकांच्या या वेळच्या पत्रांत सर्वांत जास्त विचारणा सी हॅरियरची आहे, आणि ते साहजिकच आहे. डिसेंबर १९८३ मध्ये दाबोळीच्या आयएनएस हंसा या नौदलाच्या हवाई तळावर उतरलेलं हे विमान मे २०१६ मध्ये तिथूनच निवृत्त झालं. गोव्यात आणि तळकोकणात त्याचा आवाज ओळखणारी माणसं घरोघरी सापडतील. सी हॉक, टॉमकॅट आणि पावसाळ्यातल्या रंगकामाचे प्रश्नही आहेत. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं दिली आहेत.

प्रश्न: ‘व्हाइट टायगर्स’ म्हणजे आयएनएएस ३०० या स्क्वाड्रनचं सी हॅरियर एफआरएस ५१ बनवायचं आहे. खोक्यावर भारतीय विमान असलेलं किट मिळत नाही. कुठलं किट घ्यावं आणि त्यात काय बदलावं लागेल? (वास्को)

खोक्यावरचं चित्र विसरा, आतल्या प्लास्टिकचा आकार बघा. एफआरएस ५१ चा बाहेरचा आकार ब्रिटिश नौदलाच्या एफआरएस १ सारखाच आहे. त्यामुळे ज्या किटवर ‘एफआरएस १’ लिहिलंय ते चालतं. १/७२ मध्ये (खऱ्याच्या बहात्तराव्या भागाच्या मापात) एअरफिक्सचं २०१० नंतरचं किट घ्या (त्याच नावाचं जुनं किट अजून फिरतंय, ते टाळा), १/४८ मध्ये कायनेटिकचं. विमानाची लांबी साधारण १४.५ मीटर, म्हणजे १/७२ मध्ये २० सेंटिमीटर आणि १/४८ मध्ये ३० सेंटिमीटर. शेल्फवरची जागा आधी मोजा.

तीन खोकी स्वस्तात दिसली तरी घेऊ नका. पहिलं हॅरियर जीआर १ किंवा जीआर ३: त्याचं कॉकपिट खोल बसवलेलं आहे, सी हॅरियरचं उंच आणि फुगीर काचेचं. दुसरं एव्ही-८बी: त्याचा पंखच वेगळा आहे. तिसऱ्यात माणसं सर्वांत जास्त फसतात, ते म्हणजे सी हॅरियर एफए २. नाव सारखं असलं तरी त्याचं नाक बोथट आहे आणि पंखामागे धडात ३५ सेंटिमीटरचा तुकडा वाढवलेला आहे. १/४८ मध्ये हा फरक ७ मिलिमीटरहून जास्त होतो. कापून काढता येतो, पण पॅनेलच्या रेषा पुन्हा कोरण्यात जो वेळ जाईल त्यात दुसरं किट बनून होईल.

बदलायची सर्वांत महत्त्वाची गोष्ट क्षेपणास्त्रं. एफआरएस १ च्या किटमध्ये साइडवाइंडर असतात. भारतीय विमानं फ्रान्सच्या मात्रा कंपनीची आर-५५० मॅजिक लावत. साइडवाइंडरला दुसरा रंग देऊन भागत नाही. मॅजिकचा व्यास १५७ मिलिमीटर, साइडवाइंडरचा १२७. १/४८ मध्ये सव्वातीन मिलिमीटर विरुद्ध २.६, आणि शेजारी शेजारी ठेवलं की लगेच कळतं. शिवाय मॅजिकच्या नाकाजवळ पंखांचे दोन संच एकामागे एक असतात. १/४८ मध्ये मॅजिकची लांबी ५.७ सेंटिमीटर आणि १/७२ मध्ये ३.८ सेंटिमीटर आली पाहिजे. मिराज २००० चं किट बनवलेल्या मित्राकडे बहुतेक जादा जोडी पडून असते, आधी तिथे विचारा. पंखाखालच्या बाहेरच्या प्रत्येक पायलॉनवर (शस्त्र टांगायच्या आधारावर) एकच मॅजिक लावा. ब्रिटिश विमानांवर नंतर आलेले साइडवाइंडरचे जोड-रेल किटमध्ये असतील तर ते बाजूला ठेवा.

जहाजविरोधी रूप हवं असेल तर सी ईगल क्षेपणास्त्र लावता येईल, भारतीय सी हॅरियरकडे ते होतं. डर्बी क्षेपणास्त्र मात्र फक्त शेवटच्या काळातल्या, इस्रायली एल्टा रडार बसवलेल्या विमानांसाठी. १९८० च्या दशकातल्या रंगसंगतीवर डर्बी लावलं तर काळाचा घोळ होतो.

पोटाखाली ३० मिलिमीटर एडन तोफांचे दोन पॉड असतात. पॉड लावायचे नसतील तर त्या जागी उभ्या पट्ट्या लावा, जागा मोकळी सोडू नका. उभं उतरताना जमिनीवरून उलटणारी हवा पोटाखाली अडवून धरण्यासाठी पॉड किंवा पट्ट्या यांपैकी एक काहीतरी तिथे लागतंच.

क्रमांकांसाठी: भारतीय एफआरएस ५१ विमानं २३ होती, आयएन ६०१ ते आयएन ६२३. ज्या विमानाचे फोटो हातात आहेत त्याचाच क्रमांक निवडा, कारण रंगसंगती विमानागणिक आणि वर्षागणिक बदलत गेली.

प्रश्न: हवा घेण्याच्या तोंडाभोवती छोट्या झडपांची रांग आहे. सूचनापत्रात उघड्या आणि बंद असे दोन्ही पर्याय दिलेत. कुठला लावायचा? आणि धडाच्या बाजूची फिरती नॉझल (इंजिनाची हवा बाहेर सोडणारी तोंडं) कोणत्या कोनात? (पुणे)

विमान काय करतंय यावर हे ठरतं. या झडपांना स्प्रिंग नाही, त्या बिजागरीवर मोकळ्या लटकतात. वेगात उडताना आतला दाब त्यांना बाहेर दाबतो आणि सगळ्या बंद होतात. विमान हवेत स्थिर तरंगत असताना पेगासस इंजिनाला जास्त हवा लागते, ती आत खेचली जाते आणि सगळ्या उघडतात. इंजिन बंद करून उभ्या विमानात मात्र फक्त स्वतःचं वजन उरतं: वरच्या झडपा आत पडून उघड्या राहतात, बाजूच्या अर्धवट, खालच्या बंद. म्हणजे चाकांवर उभं मॉडेल करणार असाल तर सगळ्या उघड्याही चूक आणि सगळ्या बंदही चूक. किटमध्ये झडपा बंद साच्यात ओतलेल्या असतील, तर वरच्या तीन-चार धारदार पात्याने कापून काढा, कडा घासून पातळ करा आणि ०.२५ मिलिमीटरच्या प्लास्टिक शीटचे तुकडे आत झुकवून चिकटवा. तास-दोन तासांचं काम आहे, आणि जाणकार पाहणारा पहिली नजर तिथेच टाकतो.

नॉझलचा नियम साधा आहे: चारही एका लिव्हरवर एकत्र फिरतात, त्यामुळे चारही एकाच कोनात हवेत. चिकटवण्याआधी पुठ्ठ्याचा एक कोनमापक कापून चारही ठिकाणी लावून बघा. रंगातही फरक ठेवा. पुढच्या दोन नॉझलमधून पंख्याची तुलनेने थंड हवा निघते, मागच्या दोनमधून तापलेला एक्झॉस्ट. भाजल्याचे निळसर-तपकिरी डाग मागच्या नॉझलवर आणि त्यांच्यामागे धडावर असलेल्या पोलादी संरक्षक पत्र्यावर द्या. पुढच्यांवर फक्त थोडी मळकट छटा पुरते.

प्रश्न: पंखांच्या टोकाजवळची छोटी चाकं टेबलाला टेकत नाहीत, टेकवली तर मागची मुख्य चाकं उचलली जातात. (नाशिक)

हॅरियरची चाकं सायकलसारखी एका ओळीत आहेत: पुढे एक, मागे जोडी आणि तोल सांभाळायला पंखांवर दोन. एवढे बिंदू एकाच पातळीत आणायचे म्हटल्यावर कुठेतरी चुकणारच, कारण पंख धडाला चिकटवताना अर्ध्या मिलिमीटरने उंच बसला तरी टोकाला तो फरक वाढतो.

सुरुवात पंखापासून करा. चिकटवण्याआधी धडावर कोरडा ठेवा आणि समोरून बघा. टोकं दोन्हीकडे सारखी खाली झुकलेली हवीत. मुळाशी फट दिसत असेल तर पुट्टीकडे हात नेऊ नका. धडाच्या आत स्प्रूचा (किटचे भाग ज्याला जोडून येतात त्या प्लास्टिकच्या काडीचा) तुकडा आडवा बसवून भिंती थोड्या बाहेर ढकला, बहुतेक फट तिथेच मिटते. (खऱ्या विमानातही पंख एकसंध आहे आणि इंजिन बदलायला तो उचलून बाजूला काढावा लागतो, त्यामुळे तिथली बारीक रेष पूर्ण बुजवायची नसते.)

मग पुढचं चाक आणि मागची जोडी चिकटवून रात्रभर वाळू द्या. दुसऱ्या दिवशी मॉडेल आरशाच्या काचेवर उभं करा. टेबल सपाट नसतं, काच असते. पंखांवरच्या चाकांचे दांडे सावकाश वाळणाऱ्या चिकटद्रव्याने लावा, फेविक्विकने नको, कारण हलवायला दहा मिनिटं हवीत. मॉडेल काचेवरच राहू द्या आणि दांड्यांना आपोआप टेकू द्या. दांडा आखूड पडला तर खोबणीत ०.२५ किंवा ०.५ मिलिमीटरची चकती घाला. लांब असेल तर वरून, खोबणीच्या टोकाकडून घासा. खालून घासलात तर चाकाचा आकार बिघडतो.

मुख्य चाकांची मोठी दारं उभ्या विमानावर बंद असतात, दुरुस्तीच्या वेळी सोडून. सूचनापत्रात उघडी दाखवली असली तरी बंद लावा. काम कमी होतं आणि खरंही दिसतं.

प्रश्न: विमानवाहू जहाज विक्रांतवरचं सी हॉक १/७२ मध्ये बनवलं. नाकात शिसं भरलं होतं तरी शेपटीवर बसलं. आणखी शिसं भरलं, तर आता वर्षभराने नाकाची जोडरेष फाटली आहे. (कोल्हापूर)

फाटण्याचं कारण बहुधा शिसं कशाने चिकटवलं यात आहे. फेविकॉलसारख्या पांढऱ्या गोंदातून ॲसेटिक आम्ल सुटतं. बंद नाकात ते शिशावर काम करत राहतं, शिशाची पांढरी भुकटी होते, ती फुगते आणि प्लास्टिक आतून फाडते. वर्ष-दोन वर्षांत हे दिसतं. एअरगनचे छर्रे असोत किंवा गळाला लावायचं शिसं असो, ते अरल्डाइट किंवा एम-सीलमध्येच बसवा. आत्ताच्या मॉडेलचं नाक जोडरेषेवर उघडून भुकटी पूर्ण काढा, नुसती पुट्टी भरून उपयोग नाही. हातमोजे घाला, भुकटी ओल्या कापडाने पुसा, कोरडी झटकू नका.

किती वजन लागेल ते अंदाजाने ठरवू नका. धड, पंख, शेपटी टेपने तात्पुरती जोडा. मुख्य चाकं जिथे येणार त्या रेषेखाली पेन्सिल आडवी ठेवा. नाकावर बाहेरून छर्रे ठेवत जा. नाक खाली गेलं की छर्रे तोला आणि त्याच्या सव्वापट आत भरा, कारण पुट्टी, रंग आणि मागची दारं नंतर वाढतात. सी हॉकमध्ये कॉकपिटच्या पुढे जागा थोडीच आहे, म्हणून कॉकपिटच्या तळाखाली, २० मिलिमीटर तोफांच्या खोबणीमागेही शिसं ठोकून पातळ पत्रा करून बसवा. चाकापासून जितकं पुढे ठेवाल तितकं कमी लागेल.

याच विमानात एक जागा हमखास राहून जाते. सी हॉकचा एक्झॉस्ट शेपटीतून नाही, दोन फाट्यांत वाटून पंखांच्या मुळांशी मागे निघतो. ते दोन नळ आतून गुळगुळीत करून रंगवा आणि मगच धड जोडा. नंतर आत पॉलिश पेपर पोहोचत नाही.

प्रश्न: पावसाळ्यात लॅकर रंग मारला की पांढुरकी साय धरते. जून ते सप्टेंबर काम बंदच ठेवावं का? (चिपळूण)

बंद ठेवायची गरज नाही, कामाचा क्रम बदलायचा. लॅकरचं थिनर झपाट्याने उडतं, उडताना पृष्ठभाग गार पडतो आणि दमट हवेतली वाफ ओल्या रंगावर बसते. तीच पांढुरकी साय. थिनर जितकं चपळ तितकी साय जास्त.

दोनशे-तीनशे रुपयांचा आर्द्रतामापक टेबलावर ठेवा. ७५ टक्क्यांच्या वर चकचकीत लॅकर मारू नका. त्याखाली सावकाश उडणारं थिनर वापरा: मिस्टर कलर लेव्हलिंग थिनर, किंवा साध्या थिनरमध्ये ५ ते १० टक्के रिटार्डर (वाळणं लांबवणारा द्रव). तामियाचे एक्स आणि एक्सएफ मालिकेतले रंगसुद्धा याच लेव्हलिंग थिनरमध्ये छान पसरतात. साय धरलीच तर घासू नका. कोरडा दिवस बघून त्याच जागी नुसत्या लेव्हलिंग थिनरचा अगदी पातळ फवारा द्या. वरचा थर पुन्हा सैल होतो, अडकलेलं पाणी निघतं आणि रंग मूळ छटेवर येतो.

कंप्रेसरमध्ये पाणी साचतं ते वेगळंच. टाकीच्या तळाचा स्क्रू पावसाळ्यात दर अर्ध्या तासाने उघडून पाणी सोडा, आणि एअरब्रशच्या जवळ, नळीतच, पाणी अडवणारा दुसरा छोटा ट्रॅप लावा. पंखावर अचानक थेंब उडतात त्याचं कारण बहुतेक हेच.

वाळवायला झाकणाचा प्लास्टिकचा डबा, तळाशी सिलिका जेल, वर जाळी. बल्ब लावून गरम करणार असाल तर आत थर्मामीटर ठेवा आणि ४५ अंशांच्या वर जाऊ देऊ नका, पातळ भाग वाकू लागतात. डिकलचे (पाण्यात भिजवून लावायच्या छापील चिन्हांचे) कागद झिपच्या पिशवीत सिलिका जेलसोबत ठेवा. पिवळे पडले असतील तर पिशवीसकट खिडकीच्या काचेवर आतून चिकटवा, काही दिवसांच्या उन्हात पिवळेपणा बराच जातो.

आणि हार्डवेअरच्या दुकानातलं एनसी थिनर एअरब्रश धुवायलाच ठीक आहे. ते रंगात मिसळून मारलं तर प्लास्टिक विरघळतं, आणि बारीक कोरीव रेषा गेल्या की परत येत नाहीत.

ज्यांना पावसाळा आवडतो त्यांच्यासाठी: कॉकपिट, चाकांच्या खोबणी, क्षेपणास्त्रं, घासणं, जोडणं ही कामं या चार महिन्यांत उरकून ठेवा. बाहेरचा चकचकीत पांढरा रंग दसऱ्यानंतर.

प्रश्न: सुरुवातीच्या सी हॅरियरची वर गडद राखाडी आणि खाली पांढरी रंगसंगती करायची आहे. पांढरा नेहमी डागाळतो किंवा जाड होतो. (ठाणे, आणि याच अर्थाची आणखी काही पत्रं)

पांढरा रंग झाकण्यात सर्वांत कमजोर असतो. जाड होतो कारण खालचा प्लास्टिकचा रंग एका थरात झाकायचा प्रयत्न होतो. त्यामुळे झाकण्याचं काम प्रायमरवर सोपवा. आधी मिस्टर सरफेसर १००० हे राखाडी प्रायमर. त्यात सगळे ओरखडे आणि जोडरेषा दिसतात. त्या दुरुस्त करून १५०० नंबरच्या वॉटर पेपरने हलकं घासा. मग पांढरं प्रायमर. आता वरून पांढऱ्या रंगाला काही झाकायचंच नाही, फक्त चकाकी आणि छटा द्यायची आहे. मिस्टर कलर ३१६ एकास दोन थिनर, एअरब्रशला १२ ते १५ पीएसआय हवेचा दाब, चार पातळ थर, दोन थरांमध्ये दहा मिनिटं. कडांवर आणि खोबणींच्या काठांवर आधी मारा, मोकळ्या जागेवर नंतर. कडांवरून रंग ओसरतो आणि प्लास्टिक तिथेच डोकावतं. मग दोन दिवस हात लावू नका.

पांढरा आधी, राखाडी नंतर. उलट केलंत तर टेपच्या कडेला राखाडीवर पांढऱ्याची उंच पायरी उभी राहते. ६ मिलिमीटरची तामिया टेप लावल्यावर कडेवरून नखाने दाबा आणि राखाडी मारण्याआधी त्या कडेवर पांढऱ्याचाच एक बारीक फवारा द्या. काही गळलंच तर पांढऱ्यावर पांढरं गळेल, दिसणार नाही. राखाडीसाठी एक्स्ट्रा डार्क सी ग्रे: मिस्टर कलर ३३३ किंवा हम्ब्रॉल १२३. टेप राखाडी पूर्ण वाळायच्या आधी, अर्ध्या तासात, टेपवरच उलट दुमडून ओढा.

पांढऱ्या पोटावर काळा वॉश (रेषांत उतरवायचा पातळ रंग) टाकू नका. पॅनेलच्या रेषांत फिकट करडा ऑइल कलर पुरतो: कॅमलच्या नळीतला पांढरा, त्यात काळा आणि तपकिरी किंचित, टर्पेंटाइनमध्ये पातळ, आणि खाली ॲक्रिलिक चकचकीत क्लिअरचा थर असलाच पाहिजे. नंतरच्या काळातली पूर्ण राखाडी विमानं करत असाल तर हे सगळं सोपं होतं.

प्रश्न: गडद राखाडीवर तिरंगी गोलाकार चिन्ह लावलं की केशरी विटकरी दिसतो. (बेळगाव)

डिकलची शाई अर्धपारदर्शक असते, खालची राखाडी वर येते. कंपासला पातं लावून टेपमधून वर्तुळ कापा, व्यास डिकलपेक्षा अर्धा मिलिमीटर कमी, आणि त्यातून पांढरा फवारा. मग डिकल. घरी इंकजेटवर छापणाऱ्यांनी लक्षात ठेवावं की प्रिंटर पांढरा रंग छापत नाही. चिन्हं पांढऱ्या डिकल-कागदावर छापून गोल कापा, अक्षरं आणि क्रमांक पारदर्शक कागदावर. क्रम: बाहेर केशरी, मध्ये पांढरा, आत हिरवा.

डिकलखाली चांदीसारखी चमक दिसते ती अडकलेल्या हवेची. खरखरीत पृष्ठभागावर डिकल लावलं की ती येतेच, म्हणून आधी चकचकीत क्लिअर मारा. आधीच आली असेल तर सुईने बारीक भोकं पाडा, डिकल मऊ करणारं मार्क सॉफ्टर सोडा, वाळल्यावर पुन्हा. भिजवायला बोअरवेलचं पाणी नको, क्षारांचे पांढरे डाग पडतात. बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर वापरा.

प्रश्न: मी न्यू जर्सीत राहतो. तामियाचं १/४८ एफ-१४ टॉमकॅट बनवतोय. अमेरिकी नौदलाची राखाडी विमानं फोटोंत इतकी ठिगळठिगळ का दिसतात, आणि ते मॉडेलवर कसं आणायचं? (न्यू जर्सी)

समुद्रावर गोडं पाणी मोजकं, धुणं कमी, खारं वारं सतत. गंज दिसला की डेकवरचे लोक तेवढीच जागा खरवडून हाताशी असलेल्या राखाडीने लगेच रंगवतात, आणि ती छटा जुळत नाही. ठिगळं दिसतात ती या रोजच्या डागडुजीची. त्यामुळे मॉडेलवरही ती सगळीकडे सारखी नसावीत: पॅनेलच्या कडा, स्क्रूच्या रांगा, पायवाट आणि रोज उघडायची दारं इथे दाट, बाकी विरळ.

टॉमकॅटच्या फिकट युद्धकालीन रंगसंगतीसाठी अमेरिकी रंगमानकातले एफएस ३५२३७, ३६३२० आणि ३६३७५ हे तीन राखाडी, म्हणजे मिस्टर कलर ३३७, ३०७, ३०८. मूळ थर मारा. मग प्रत्येकात पाच-दहा टक्के पांढरा घालून एक छटा आणि शेजारचा राखाडी घालून दुसरी छटा करा. ०.२ च्या सुईने, १० पीएसआयवर, अगदी पातळ करून चौकोनी, वेडेवाकडे तुकडे टाका. शेवटी मूळ रंगाचा खूप पातळ थर सगळ्यावरून फिरवला की तुकडे एकमेकांत मिसळतात. १९५० च्या दशकाच्या मध्यापासून १९७० च्या दशकापर्यंतची वर गल ग्रे, खाली पांढरी विमानं मात्र चकचकीत आणि बरीच स्वच्छ असत. त्यांवर ही ठिगळं घालू नका.

टॉमकॅटची स्वतःची खूण वेगळी आहे: पंख मागे-पुढे होताना धडाच्या सीलखाली घासला जातो, त्यामुळे त्याच्या मुळाशी मळकट कमानी उमटतात. त्या कमानी पंखाच्या बिजागरीला केंद्र धरून काढा, पंखाच्या कडेला समांतर नव्हे. पंखाच्या कोनाकडेही लक्ष द्या. उड्डाणात तो २० ते ६८ अंशांत फिरतो. ७५ अंशांची स्थिती फक्त डेकवर जागा वाचवायला आहे. स्टँडवर उडतं मॉडेल करून पंख ७५ वर लावले तर ते चूक.

चाकांच्या खोबणी आणि दांडे पांढरे, दारांच्या कडा लाल. पांढऱ्यावर तेलाची गळती आणि तडा चटकन दिसतो, म्हणून तिथे गळतीच्या एक-दोन तपकिरी रेषा शोभतात. बाहेर पडलेल्या रेषा हवेच्या दिशेने मागे जाव्यात, आतल्या दांड्यावरच्या खाली.

प्रश्न: गोव्याच्या नौदल विमान संग्रहालयात जाऊन रंग जुळवून आणता येतील का? (सावंतवाडी)

आकारासाठी जरूर जा, रंगासाठी नको. बोगमाळो रस्त्यावरच्या या संग्रहालयात सी हॉक, अलिझे, सी हॅरियर जवळून बघता येतात. पण विमानं उघड्यावर उभी आहेत. ऊन-पावसाने उडालेला आणि नंतर पुन्हा दिलेला रंग सेवेतल्या विमानाचा पुरावा धरता येत नाही. त्याऐवजी चाकांच्या खोबणी, दारांच्या बिजागऱ्या, टायरवरच्या खाचा, नॉझलची आतली पाती, पायलॉनचा पुढचा कोन यांचे फोटो काढा. प्रत्येक जागेचा एक सरळ समोरून आणि एक तिरका. रंगासाठी त्या-त्या वर्षीचे उडत्या विमानांचे फोटो बघा, तेही एकाच उजेडातले दोन-तीन.

प्रश्न: मुलगी बारा वर्षांची आहे, पहिलंच किट. एअरब्रश नाही. काय द्यावं? (सोलापूर)

१/७२, एकाच राखाडी रंगाचं विमान, चाकं मिटलेली, स्टँडवर. सी हॅरियरचं नंतरच्या काळातलं रूप यासाठी उत्तम आहे, आणि या मार्गाने चाकांच्या पातळीची कटकटही टळते. किटमध्ये स्टँड आहे का ते आधी तपासा. पाण्याचे व्हॅलेहो रंग, १० मिलिमीटरचा मऊ सपाट ब्रश, थोडं पाणी घालून तीन पातळ थर, प्रत्येक थर आधीच्याला आडवा. थिनर लागत नाही, वासही नाही. भाग स्प्रूपासून निप्परने दोन टप्प्यांत कापायला शिकवा: आधी लांबून, मग जवळून; एकाच घावात कापलं तर भागाला खड्डा पडतो. पातं फक्त मोठ्यांसमोर. काच शेवटी आणि फेविकॉलने बसवा. फेविक्विकची वाफ काचेवर पांढरं धुकं धरते, दमट हवेत जास्तच. फेविकॉलने काही फाटणार नाही, कारण इथे शिसं नाही. काच रात्रभर टेपने धरून ठेवा आणि सकाळपर्यंत टेप सोडू नका.